नवे प्रेस आणि माझी खोटी सही

मी, देसांका त्रायकोविच, वय अडुसष्ट, बूट शिवणारी, राहणार ओल्शावा, दक्षिण सर्बिया. डोके ठिकाणावर आहे, प्यायलेली नाही, कोणी दमदाटी करून हे लिहवून घेत नाही. याआधी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर, मागच्या आलुबुखाराच्या झाडांसह, थोरली बहीण पर्सिदा हिला द्यावे. कारण लिहिणे भाग आहे. देशातच माल बनावा या सरकारी योजनेत माझा मुलगा ओग्न्येन याला चामडे कापायचे प्रेस मिळाले. अट चाळीस कामगारांची, आमच्या बुटांच्या कारखान्यात अकरा. मंत्री उद्घाटनाला येणार म्हणून त्याने शेजारीपाजारी गोळा करून त्यांना निळे डगले चढवले. त्यांत पर्सिदाही होती; तिने जन्मभर शाळेत अकॉर्डियन वाजवायला शिकवले.

"मावशी, नुसतं उभं राहायचं," तो म्हणाला.

मंत्री तिच्यापाशीच थांबले. "आजी, चालवून दाखवा की!"

कॅमेऱ्यात नीट दिसावे म्हणून ओग्न्येनने प्रेसची संरक्षक जाळी काढून ठेवली होती. तिच्या उजव्या हाताची चार बोटे गेली. त्याने बँड वाजवायला सांगितला आणि तिला मागच्या दाराने बाहेर काढले.

चौकशीत त्याने लिहून दिले, "ही बाई आत कशी घुसली, ठाऊक नाही." खाली साक्षीदार म्हणून सही माझी. सही मीच केली, साक्ष खोटी आहे.

२. माझे शिवणयंत्र, आऱ्या आणि लाकडी साचे मिल्युन्काला. जाळी काढू नका, असे कारखान्यात ती एकटीच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला कामावरून काढले.

३. ओग्न्येनला कायद्याने मिळेल तेवढेच. वर मंत्र्यासोबतचा त्याचा फोटो. छान हसतोय.

४. घराचे सांगायला मी पर्सिदाकडे गेले होते.

"घर ठेव तुझ्यापाशीच. कचेरीत जा आणि खरं सांग."

"तो तुरुंगात जाईल गं, ताई."

"मग आलीस कशाला?"

तिने डाव्या हाताने दार लावून घेतले.

ती माझ्याआधी गेल्यास घर संगीत शाळेला द्यावे. हा कागद मात्र मी मेल्यावरच उघडावा. जिवंतपणी मुलाच्या हातात बेड्या पाहणे मला झेपणार नाही. पर्सिदा सत्त्याहत्तरची आहे. डॉक्टर म्हणतात, ती हा हिवाळा काढणार नाही. माझी तब्येत उत्तम आहे. तरी ही अट बदलू नये.

सही: देसांका त्रायकोविच

साक्षीदार (सही पाहिली, मजकूर वाचला नाही):
व्लास्तिमिर येव्तिच, शेजारी
कोसारा पेयिच, टपाल कारकून

ओल्शावा, १४ नोव्हेंबर २०१९