उजवीकडे जरासं वाकडं

प्रिय बाबा,

तब्येत बरी असेल. आवाज तर ठणठणीतच असणार. तो कधी बसल्याचं आपल्या घरात कुणाला आठवत नाही. पंधरवड्यापूर्वी आपला धाकटा तुमचं विमान माझ्या दुकानात टाकून गेला. ‘टाकून’ हाच शब्द बरोबर. जुन्या चादरीत गुंडाळलेलं, डावे पंख वेगळे, शेपूट वेगळी, नाक चेपलेलं. गल्ल्यासमोर ते गाठोडं ठेवून त्याने तुमचा निरोप पाठ केल्यासारखा म्हणून दाखवला: “बाबा म्हणाले, जावयांना सांग, या खेपेला इंजिन जरा घट्ट बसवा.” मी एका पेट्रोलच्या करवतीचा कार्बोरेटर खोलून बसले होते. गिऱ्हाईक समोर उभं होतं. म्हणून धाकटा वाचला. ऐकून घ्यायची पाळी आता तुमची.

यातलं सगळं तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही मैदानावर जे सांगितलंत ते नंतर घरी, पाहुण्यांत, फोनवर इतक्या वेळा सांगितलंत की एव्हाना तुम्हालाही तेच खरं वाटायला लागलं असेल. म्हणून मी पहिल्यापासून सांगते. नीट बसून वाचा. मधेच आईला चहा टाकायला सांगून उठू नका.

आयुष्यभर तुम्ही लोकांची दारं, कपाटं आणि टेबलं केलीत आणि हौस म्हणून बिनइंजिनाची विमानं उडवलीत. हाताने फेकायची, वाऱ्यावर तरंगायची, पिसासारखी हलकी. इंजिनवाल्यांना तुम्ही ‘रॉकेलवाले’ म्हणायचात आणि मैदानाच्या त्या टोकाला तोंड करून उभंही राहायचा नाहीत. मग कारखाना धाकट्याच्या हाती दिलात आणि एके दिवशी ठरवलंत की खऱ्याच्या चौथाई मापाचं, वरखाली दुहेरी पंखांचं जुन्या घाटाचं विमान करायचं. केलंत, आणि काय केलंत! पंखाची एकेक फासळी हातात घेऊन बघावी. ते बैठकीत आलं तेव्हा सोफा बाहेर गेला आणि आई दोन महिने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मालिका बघत होती. तक्रार नाही. तुमच्या हाताला मी कधीच नावं ठेवली नाहीत. पण विमान झालं आणि त्याला नाकच नव्हतं, कारण नाकात इंजिन लागतं आणि इंजिनाचं तुम्हाला ओ की ठो कळत नव्हतं. तेव्हा तुम्हाला आठवण झाली की आपल्याला एक थोरली मुलगी आहे, तिचं छोट्या इंजिनांचं दुकान आहे, आणि निम्म्या गावाच्या करवती, फवारे आणि गवत कापायची यंत्रं तिच्या हाताखालून जातात.

मग आपण इंजिन बघायला लागलो. स्थळं बघावीत तशी. वजन किती, उंची किती, आवाज कसा, पितं किती, आधी कुठे होतं. तुमचं मन टोपीवाल्यांच्या विमानातल्या दोन सिलिंडरच्या इंजिनावर गेलं होतं. टोपीवाले तुमच्या विमानहौशी मंडळातले सगळ्यात जुने वैरी, त्यांच्याकडे दोन आहेत म्हणजे आपल्याकडे दोन हवेत, बास. मी मोजपट्टी धरून दाखवलं की दोन्ही सिलिंडर नाकाच्या झाकणातून कानांसारखे बाहेर येतील. तुम्ही म्हणालात, “येऊ देत, रुबाब दिसेल.” मग तुमचं मन एका नव्या, हलक्याफुल्क्या, भणभण फिरणाऱ्या इंजिनावर गेलं, कारण विमानात वजन नको हे तुमचं चाळीस वर्षांचं ब्रीद. किती वेळा सांगितलं: बाबा, या घाटाच्या विमानाचं नाक आखूड आणि शेपूट लांब. नाकात हलकं इंजिन घातलंत तर शेपूट खाली बसेल, मग तोल साधायला नाकात शिसं ओतत बसाल. पैलवान सोडून किडकिडीत पोरगा आणायचा आणि त्याच्या खिशात दगड भरायचे, असला प्रकार. शिवाय या विमानाला वेग नको, ओढ हवी. मोठा पंखा, सावकाश फिरणारा. शेवटी मी सुचवलं ते जाडजूड, एका सिलिंडरचं, मुळात लाकडं कापायच्या करवतीसाठी बनलेलं आणि मग विमानासाठी फेरफार केलेलं. तुम्ही चेहरा असा केलात की जणू घरात करवतीने मागणी घातली. “माझ्या विमानाला करवतीचं इंजिन?” अहो, जन्मभर करवतीवर घर चालवलंत ना!

बसवलं मी. माझ्या दुकानात, माझ्या बाकावर. मागच्या लाकडी भिंतीला चार खांब, खांबांवर इंजिन. आणि डाव्या बाजूच्या दोन खांबांमागे मी पातळ वायसर घातले. मुद्दाम. बाबा, मुद्दाम! पंखा फिरायला लागला की विमानाचं तोंड डावीकडे ओढलं जातं, म्हणून इंजिन आधीच उजवीकडे जरासं वाकडं बसवतात. सरळ जायचं असेल तर वाकडं बसावं लागतं. हे मी तुम्हाला त्याच वेळी सांगितलं. तुम्ही चाकाच्या टोपणाला पॉलिश मारत होतात आणि “हं, हं” म्हणालात. तुमच्या ‘हं हं’चा अर्थ मला लहानपणापासून माहीत आहे: ही काहीतरी बोलतेय, थांबेल. पुढे आपण दोघंच मैदानावर गेलो, विमान दोरीवरून चालल्यासारखं सरळ धावलं आणि उचललं गेलं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पाहिलं. आणि तुम्ही म्हणालात, “बघितलंस, पंख किती सरळ बसवलेत मी?” मी हसले. खरंच हसले. एवढा आनंद झालेल्या माणसाकडून श्रेय मागायला मी काही वसुलीवाली नाही.

आता मेळावा. मंडळाचा भोंगा गेली कित्येक वर्षं तुमच्या हातात, त्यामुळे विमान तुमचं, ओळख करून देणारे तुम्ही आणि कौतुक करणारेही तुम्हीच. मी मुद्दाम स्वच्छ कपडे घालून आले होते, कारण ज्याने इंजिन बसवलं त्यानेच मेळाव्यात पहिल्यांदा पंख्याला हात घालून ते सुरू करायचं हा तुमच्या मंडळाचा नियम. हातमोजे पिशवीत होते. आणि भोंग्यातून आवाज आला: “विमानाची बांधणी अस्मादिकांची. इंजिनाची निवड आणि जोडणी, आमचे जावईबापू, पेशाने दातांचे डॉक्टर!” टाळ्या. तो, म्हणजे माझा नवरा, माझ्या शेजारी उभा राहून उसाची कांडी चोखावी तसा आईस्क्रीमची काडी चोखत होता. त्याने मागे वळून बघितलं, आणखी कुणी दातांचे डॉक्टर आलेत का म्हणून. मी तुमच्याकडे धावत आले तर तुम्ही माईकवर हात ठेवून म्हणालात, “अगं, तू काय, घरचीच. त्यांना जरा बरं वाटेल. आणि टोपीवाल्यांपुढे मुलीचं नाव घेतलं तर म्हणतील, याला स्वतःला काही येत नाही.” म्हणजे जावयाला येतं म्हटलं की तुमची शान राहते आणि मुलीला येतं म्हटलं की जाते. हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

त्याचं काय झालं ते तुम्ही भोंग्याआडून पाहिलं नसेल. जो माणूस स्वतःच्या बोटांना जपण्यासाठी घरात विळीला हात लावत नाही, त्याला तुम्ही भर मैदानात पेट्रोलच्या इंजिनासमोर उभं केलंत. माझे हातमोजे त्याला घट्ट होत होते. मी कानात सांगितलं, “तिथे बोट, इथे अंगठा, झटका दे आणि हात मागे.” तो म्हणाला, “भूल देता येत नाही का याला?” तरीही केलं त्याने. तुमचा शब्द पडू नये म्हणून केलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन धडधडलं, लोकांनी शिट्ट्या मारल्या आणि तो पांढराफटक पडून हसला. तुम्ही माईक ठेवून रिमोट घेतलात, पूर्ण वेग दिलात, आणि विमान डावीकडे वळलं. वळतच गेलं. तुम्ही घाईने उचललंत, डावा पंख खाली गेला आणि ते कुंपणाच्या खांबावर आदळलं. आणि मग, बाबा, तुम्ही परत माईक घेतलात. तुम्ही म्हणालात, “होतं असं. इंजिन जरा सैल राहिलं असावं. जावई नवशिके आहेत, आपण सांभाळून घेऊ.” मोठ्या मनाने, शंभर माणसांच्या साक्षीने, तुम्ही त्याला माफ केलंत!

ते श्रेय त्याने मागितलं नव्हतं. अपश्रेय मात्र त्याने मुकाट घरी आणलं. त्या दिवसापासून तो तुमच्याकडे जेवायला यायचं टाळतो. तुम्हाला वाटतं दवाखान्यात गर्दी आहे. गर्दी कसली, टोपीवाल्यांचा पुतण्या दात दाखवायला आला आणि खुर्चीत बसता बसता म्हणाला, “डॉक्टर, दाढ तरी घट्ट बसवाल ना?” खोलीतले बाकीचेही हसले. तो घरी येऊन मला विचारतो, “मी हात लावला तेव्हा काही निखळलं असेल का गं?” मी सांगते, नाही. तो मान हलवतो आणि दुसऱ्या आठवड्यात पुन्हा विचारतो. मलाही उत्तर माहीत नव्हतं, कारण तुम्ही ते विमान तुमच्या खोलीत कुलूपबंद ठेवलंत आणि मला हात लावू दिला नाहीत. म्हणालात, बघवत नाही.

धाकटा गेल्यावर मी चादर सोडली. इंजिन घट्ट होतं. इतकं घट्ट की काढताना मला घाम फुटला. खांबांमागचे वायसर गायब होते आणि इंजिन भिंतीला काटकोनात, ओळंब्यात, कपाटाच्या दारासारखं सरळ बसवलेलं होतं. माझे षटकोनी खाचेचे बोल्ट नव्हते. त्या जागी पितळी, सपाट खाचेचे स्क्रू. आणि चारही खाचा एका दिशेला, उभ्या, रेघ ओढल्यासारख्या. बाबा, उभ्या जगात स्क्रू पिळून झाल्यावर सगळ्या खाचा एका रेषेत आणणारा एकच माणूस मला माहीत आहे. आपल्या घरातली प्रत्येक बिजागरी तशी आहे. मेळाव्यात परीक्षक वरून बघतील, नाक वाकडं दिसेल, पोरीने तिरकं बसवून ठेवलंय, आपण गुपचूप सरळ करू, एवढाच विचार तुम्ही केलात ना? मला विचारावंसं वाटलं नाही? फोन करून एक वाक्य, “हे वाकडं का आहे गं?” चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकलं होतं; तुम्ही तर संन्याशाला आधी हार घातलात आणि मग सुळी दिलंत.

चूक झाली याचा मला राग नाही. ज्याने जन्मभर सगळं ओळंब्यात बसवलं त्याला वाकडं बघवणार नाहीच. पण विमान डावीकडे वळलं त्या क्षणी तुम्हाला कळलं होतं. नाहीतर ते कुलूप कशाला? मी स्क्रू आमच्या डॉक्टरला दाखवले. त्याने त्याच्या दाताच्या दिव्याखाली धरून बराच वेळ पाहिले आणि म्हणाला काय, “त्यांना बोलू नकोस. या वयात मन खातं.” मग मला आणखीच संताप आला. तो तुमचा विचार करतोय आणि तुम्ही धाकट्याबरोबर ‘घट्ट बसवा’ म्हणून निरोप पाठवताय!

तर विमान आता उभं आहे. फासळ्या धाकट्याने कारखान्यात कापून दिल्या, कापड मी ताणलं, इंजिन पुन्हा बसवलं, उजवीकडे जरासं वाकडं. धाकटा सांगत होता की येत्या मेळाव्यानंतर तुम्ही भोंगा दुसऱ्याच्या हाती देणार. म्हणून हे पत्र, आणि म्हणून आत्ता. पुढच्या वर्षापासून तुम्ही काहीही सांगितलंत तरी ते फक्त घरात ऐकू जाईल, आणि हे घरात सांगून भागणार नाही. जिथे म्हणालात तिथेच परत घ्यावं लागेल. मला माईकवरून दोन वाक्यं हवी होती. एक, इंजिन कुणी बसवलं. दुसरं, ते सरळ कुणी केलं. रात्रभर नाही, पण दोन दिवस विचार केला. दोन्ही जड जात असतील तर पहिलं सोडून द्या. मंडळाला माझं नाव कळलं नाही तरी माझं दुकान चालतं. दुसरं मात्र म्हणा. त्या माणसाला त्या मैदानावर मान वर करून उभं राहता आलं पाहिजे. तुम्ही ते म्हटलंत तर पंख्याला हात मी घालीन. नाही म्हटलंत तरी विमान तुम्हाला उडवायला मिळेल, मी ते अडवून धरणार नाही. फक्त मग आम्ही दोघं कुंपणाबाहेर उभे राहून बघू.

तुमचीच,
थोरली