विकतची प्रत

सीबीडी बेलापूर,
४ ऑगस्ट २०२५

चि. क्षिप्रा हीस,
मामाचे अ. उ. आशीर्वाद.

फोनवर तू हं हं करत दुसरंच काहीतरी बघत असतेस, म्हणून हे पत्र. माझ्या आठवणींच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची की नाही, ते साइटवरचे अभिप्राय बघून ठरवू, असं प्रकाशकांनी कळवलंय. अभिप्राय रग्गड आहेत. सोसायटीत आणि नात्यात मी सह्या करकरून 'सप्रेम भेट' प्रती वाटल्या, आणि प्रत्येकाने पाच तारे दिले. पण प्रकाशक म्हणतात, ज्यापुढे 'व्हेरिफाइड परचेस' असेल तेवढाच अभिप्राय धरणार. ती खूण कशी मिळवायची? तू कॉम्प्युटरवाली, काहीतरी जुगाड कर.

तुझ्या आईला यातलं बोलू नकोस. आमच्या आईवरचं पहिलं प्रकरण मी वाचून दाखवताना राजश्री चक्क घोरली होती. तिला प्रत दिली नाही ती त्यामुळेच.

नाश्ता न करता ऑफिसला पळू नकोस.
तुझा,
जयप्रकाशमामा

घणसोली,
९ ऑगस्ट २०२५

ती. मामांस,
क्षिप्राचा सा. न. वि. वि.

मामा, जुगाड नाही. पुस्तक तिथून विकत घेतलं तरच ती खूण मिळते, आणि तुम्ही विकत घ्यायला माणूसच शिल्लक ठेवला नाहीत. अभिप्रायही वाचले. सगळ्यांना तुमची शैली 'ओघवती' वाटते, म्हणजे मजकूर तुम्हीच पाठवला होतात. तुमच्या शेजारच्या दत्तूकाकांनी तर घाईत कुकरचा अभिप्राय पुस्तकाखाली टाकलाय. तळ जाड आहे, शिट्टी वेळेवर होते, असं त्यांचं मत आहे.

पण आज खूण असलेला एक आलाय, बिननावाचा, चार ताऱ्यांचा. त्यात लिहिलंय की पुस्तक स्वतःच्या पैशाने घेतलं आणि आमटी करपली तरी खाली ठेवलं नाही. एक तारा कापला, कारण फणसावरून बहीण पडली नव्हती, लेखक पडला होता. मार मात्र बहिणीने खाल्ला.

परवा आमच्याकडे आमटी करपली होती. याहून जास्त मी बोलणार नाही.

रागावलात तरी माया पातळ करू नका.
तुमची,
क्षिप्रा

सीबीडी बेलापूर,
१८ ऑगस्ट २०२५

चि. राजश्री हीस,
अनेक आशीर्वाद.

प्रकाशकांना तेवढा एकच अभिप्राय पटला. म्हणाले, हा पुस्तक वाचलेल्या माणसाने लिहिलाय. दुसरी आवृत्ती काढतायत. तू पाचवा तारा देणार असशील, तर तीत फणसावरून मी पडायला तयार आहे.

रविवारी तुझ्या प्रतीवर सही करायला येतो. विकतच्या प्रतीवर 'सप्रेम भेट' लिहिता येत नाही, तेव्हा काय लिहू ते कळव.

तुझा,
दादा

घणसोली,
२१ ऑगस्ट २०२५

ती. दादास,
राजश्रीचा सा. न. वि. वि.

आधी पड, मग ताऱ्याचं बघू. नव्या आवृत्तीचीही प्रत मी विकतच घेणार आहे, म्हणजे चुका काढायला मोकळी. रविवारी जेवायलाच ये.

आणि एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशी मला झोप लागली नव्हती. तू आईचं वाचायला लागलास आणि मला रडू आवरेना. सगळ्यांसमोर रडायची लाज वाटली, म्हणून डोळे मिटून घोरायला लागले. आता प्रतीवर काय लिहायचं ते तुझं तू ठरव.

लोभ केलास तसाच पुढेही कर.
तुझी,
राजू