आकाशातून आलं, एस.टी.ने गेलं

धुळे,
२९ नोव्हेंबर १९९३

ती. आबांना,

कुंदाचा वाकून नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? शेकायला आळस करू नकोस म्हणावं तिला. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. मी वेळेवर जेवते, हे तिच्या पुढच्या प्रश्नाचं उत्तर.

आता लग्नाचं. परवा तुम्ही चिंधाभाऊंच्या दुकानातून फोन केलात. दुकानात माणसं होती, तुम्हाला नीट बोलता येईना आणि मला नीट ऐकवेना. म्हणून हे पत्र. झुलालमामांनाही वाचायला द्या, फक्त त्यांना चुलीपासून लांब बसवा. दिवाळीत मी आणलेला कागद त्यांनी सरळ चुलीत घातला आणि वर म्हणाले, "कागदवर काय बी छापाई जास." तो कुठून आला ते त्यांनी ऐकूनच घेतलं नाही, तर आता सांगते.

आमच्या संस्थेच्या गच्चीवर ती मोठी छत्री आहे ना, जिला तुम्ही सूप म्हणाला होतात, तिच्यात उपग्रहावरून मजकूर पडत असतो. जगभरातली कॉम्प्युटरवाली माणसं एकमेकांना प्रश्न विचारतात, भांडतात, सल्ले देतात, ते सगळं. मी ते उतरवून घेते, विषयवार लावते आणि प्राध्यापकांना देते. छत्रीला फक्त ऐकता येतं. कुणाला उत्तर द्यायचं असलं तर मी ते फ्लॉपीत भरते, पुठ्ठ्यात बांधते आणि पुण्याच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे देते. पुण्यातला आमचा माणूस ते फोनच्या तारेवरून पुढे धाडतो. आकाशातून आलेल्याला एस.टी.ने उत्तर, असं आमचं काम.

परदेशातल्या आपल्या मुलांचीही तिथं एक चावडी आहे. तिच्यावर राजधररावांचा, तुमच्या होणाऱ्या जावयांचा, मजकूर आला. खाली पूर्ण नाव, विद्यापीठ आणि गाव शिरपूर. (त्याला अहो-जाहो करायची सवय आता सोडते.) तो तिथं तीन वर्षं एका बाईबरोबर संसार करतो आहे. तिला आपल्या साखरपुड्याचं माहीत नाही. त्यानं चारचौघांना विचारलं होतं, की आईवडिलांसाठी गावाकडच्या मुलीशी लग्न करायचं, तिला आईच्या सेवेला शिरपूरला ठेवायचं आणि व्हिसा मिळत नाही असं सांगत राहायचं, तर पुढं कायद्याची काही अडचण येते का? मुलगी साधी आहे, तिच्यापर्यंत हे कधीच जाणार नाही, असंही लिहिलं होतं.

त्याला तसं वाटणारच. मुलगी जास्त शिकलेली दिसली तर स्थळ बिचकेल म्हणून मामांनीच सांगितलं होतं, की पोरगी धुळ्याला थोडंफार टायपिंग करते. मामांनी मला लपवलं नसतं, तर तो सावध राहिला असता. एवढ्यापुरते त्यांचे आभार मानायला हवेत.

मी रडले, आबा. त्याचा फोटो मला आवडला होता. मार्गशीर्षातल्या तारखेकडे माझे डोळे लागले होते, हेही खरं. त्या दिवशी छत्री मोडून टाकावी असं वाटलं. मग माझाच मला राग आला. छत्रीनं काय केलं होतं?

तुम्ही फोनवर म्हणालात, "बठ्ठा गावले माहीत शे. आते मोडं तर मी तोंड कसं दखाडू?" सगळ्या गावाला माहीत असेना का, लबाडी त्यानं केली, मग तोंड आपण का लपवायचं? तुम्ही दोघं गप्प बसून मला त्या घरात पाठवाल आणि मी तिथं जन्मभर दुसऱ्याची आई सांभाळेन, हे होणार नाही. मामांनी एक कागद जाळला. तोच मजकूर जिथं जिथं छत्री आहे तिथं तिथं पडला आहे.

आता फोनवर जे माझ्या तोंडून निघालं नाही ते लिहिते. तुम्ही मला गप्प बस म्हणालात, तेव्हा माझी फ्लॉपी पुण्याला पोहोचलीही होती. तिच्यात मी लिहिलं होतं: "ज्या मुलीबद्दल विचारलं आहे ती मी. भिकन पाटलांची मुलगी कुंदा. मी टायपिंग करत नाही, ही छत्री मी सांभाळते. हे लग्न मी मोडलं आहे."

त्यात तुमचं नाव आहे. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही. रागवायचं तर रागवा, पण खाली मान घालायला लागेल असं मी त्या नावाखाली काही लिहिलेलं नाही.

काल माझंच उत्तर आमच्या छत्रीत उतरलं. आज त्याच्याखाली आणखी एक आलं, त्या बाईचं. लिहिलं आहे, "मला हे माहीत नव्हतं. तुझे उपकार झाले, कुंदा."

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीनं मी शिरपूरला उतरणार आणि अंगठी, साडी त्यांच्या घरी नेऊन देणार. मामांनी येऊ नये. तुम्ही मात्र यावं असं मला फार वाटतं. लोक काय म्हणतील म्हणून नाही. त्या घराच्या पायऱ्या एकटीनं चढायची मला भीती वाटते, म्हणून.

तुम्ही नाही आलात तरी मी चढेन.

लग्न मोडलेली आणि तरीही तुमचीच,
कुंदा भिकन पाटील