काचेतली काशाची वाटी

बाबांना छ्याओयुनचा वाकून नमस्कार.

शिआनमध्ये मी मजेत आहे. खोली उबदार आहे, जेवणात तिखट असतं. आईचे गुडघे कसे आहेत?

तुम्ही वेनख्वेइदादाला शिष्य म्हणून दिलेली वाटी काल दिसली. नाट्यगृहाच्या दारात काचेच्या पेटीत ठेवली आहे आणि खाली त्याच्या आजोबांचं नाव आहे. ते तर सुतार होते. प्रयोगाआधी तो लोकांना सांगत होता, "माझे आजोबा भिकेच्या वाटीवर ताल धरून गायचे, म्हणून या नाटकाला वानवान, म्हणजे वाटीचं नाटक म्हणतात."

आत गेल्यावर मी म्हटलं, "दादा, भिकेची कसली? नाव पडलं ते ताल द्यायच्या या काशाच्या वाटीवरून. आणि ही बाबांची आहे."

तो हसला. "अगं, म्हातारा कुठे इथवर बघायला येतोय? लोकांना गोष्ट लागते."

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. खोकल्याचं औषध वेळेवर घ्या.

आईला एक सांगा. नववर्षाच्या जेवणाला ती दरवर्षी, घरचा मुलगा म्हणून, त्याचीही वाटी मांडून ठेवते. यंदा मांडू नको म्हणावं.

तुमची लेक,
छ्याओयुन