शेवगा मोडला

सेलम, तामिळनाडू
१० मार्च २०२४

सौ. संयोगितास,
अ. उ. आ. आबांच्या पत्रात असं असायचं म्हणून लिहिलं. तुला आशीर्वाद देण्याइतका मी मोठा न्हाई.

हे पत्र ज्ञानू आणून देईल. सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या दुकानात माझ्या शेजारी भट्टीवर असतो त्यो. माझी सुट्टी मी रागानं त्याला देऊन टाकली. आता त्यो बॅग भरतोय आणि मी हे लिहीत बसलोय. पोरीला तिसरा महिना लागला, अजून तिला हातात घेतलं न्हाई मी.

तुझ्या माहेरात फोन कायम स्पीकरवर, त्यात तुझा भाऊ अर्जुना मधी. म्हणून तर आपण खूण ठरवलीवती. तू 'शेवग्याला शेंगा लागल्या' म्हणलीस की मी समजायचं, जवळ आलो तर तुझी ना न्हाई. सव्वा महिना झाला, विचारलं. दोन महिने झाले, परत विचारलं. दर खेपंला तू म्हणलीस, औंदा शेंगाच न्हाईत. मागनं अर्जुना हसतोय, दाजी, झाड लगडलंय की. डोकं फिरलं. तुझ्या शेंगा तुलाच ठेव म्हणलो आणि फोन कापला.

तुझ्या सातव्या महिन्यात उंब्रजला आपल्या घरी आलोवतो, तवा माझ्या आईनं माझी खाट सोप्यात टाकली. पोटातल्या बाळाला अपाय होतो म्हणाली. मी गुमान झोपलो. तवापासनंच तुटलं वाटतं. नकोसा झालो असलो तर सरळ लिही.

पोरीस पापा. लोभ उरलाय का, तेवढं कळव.
शिवतेज


शिराळा
१९ मार्च २०२४

आवं,
सा. न. वि. वि.

ज्ञानूभावजींच्या पिशवीत शेंगांची जुडी हाय. आईनं दिलीया. जावयाला शेंगांचं लय याड, हे तिनं फोनवर ऐकून ठेवलंवतं. खावा.

शेंगा न्हाईत म्हणजे तुमी नको, असं कुणी सांगितलं? बाळंतपणात मला टाके पडले. बसायला उशी लागायची, लघवीला जाताना रडू यायचं. तपासायला गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वरनं भरलंय, आत अजून हुळहुळतंय. सव्वा महिना भरला म्हणजे अंग भरलं असं न्हवं. अंगावर पाजणारीला कोरडेपणा येतो, मन लागत न्हाई, त्यात कुणाचा दोष न्हाई. मालकास्नी घेऊन ये, पाळणा लांबवायचं बी सांगते म्हणाल्या. मालक कुठनं आणू? आपली खूण एकच, लागल्या का न्हाई. दुखतंय म्हणायला कुठलं झाड ठरवलंवतं?

आणि सातव्या महिन्याचं. तपासणीत समदं बरं होतं, डॉक्टरीणबाईंनी कसलीच मनाई केली नव्हती. मनाई असती तरी पाठीवर हात ठेवायला काय हरकत होती? मला कूस बदलाय येत नव्हती. सोप्याच्या दाराकडं तोंड करून पडून असायची. तुमी खोकला की कळायचं, जागं हाय.

परवाच्या वाऱ्यात शेवगा बुडातनं मोडला. आता शेंगांचं विचारू नगा.

माया पातळ करू नये.
संयोगिता


सेलम
२८ मार्च २०२४

संयोगितास,
आशीर्वाद न्हाई, काय न्हाई.

शेंगांची आमटी सगळ्या दुकानानं खाल्ली. ज्ञानू शेंगा चोखत म्हणाला, सासू असावी तर अशी. मी माझी वाटी त्याच्यापुढं सरकवली.

मी बी दाराकडंच तोंड करून होतो. मधी दार होतं, ते बी नुसतं लोटलेलं. उठलो असतो तर आई दोन शब्द बोलली असती, एवढंच. मी मात्र वाट बघत बसलो, तू हाक मारशील म्हणून.

सेठला विचारलं. आता सुट्टी दिवाळीला म्हणतो. तवर पोरगी पावलं टाकंल आणि मला बघून तुझ्या मागं लपंल. सुट्टी माझी मीच वाटली, कुणाला बोलू?

अजून दुखतंय का? बसायला उशी लागती का? राती पाठ कोण चोळतं? पहिल्याच फोनला एवढंच विचारायचं होतं. स्पीकरवर असता तरी विचारायचं होतं.

तुझाच,
शिवतेज