माळ्यावरचा दमा

तीर्थरूप मामा,

भाचीचा नमस्कार. पत्र शिंपीकाका वाचून दाखवत असतील, तर त्यांनाही. (काका, चष्मा पुसून घ्या, अक्षर बारीक आलंय.) तुमचा गुडघा कसा आहे?

आधी माझी चूक दुरुस्त करते. आमच्या बियाण्यांच्या गोदामाच्या माळ्यावर दम्याने आजारी असलेलं म्हातारं घुबड आहे, असं मी मागे कळवलं होतं. ते सपशेल चुकीचं आहे. तिथे घुबडाची पाच ठणठणीत पिल्लं आहेत आणि ती फुसफुस दम्याची नसून भुकेची आहे. (घरात शाळेची पायरी चढलेली मी पहिलीच, म्हणून मी लिहीन ते तुम्ही गावभर सांगता, मला धडकीच भरते. मामींनी घुबडासाठी पाठवलेलं दम्याचं औषध फेकवेना, म्हणून मीच घेतलं.)

झालं असं, की खात्री करायला मी दिवेलागणीला पोत्यांच्या थप्पीवर चढून पाहिलं. थोरल्याला पंख फुटलेले, तर धाकटं म्हणजे नुसता कापसाचा बोळा. त्याची उपासमार होतेय की काय, या काळजीने मी पिशवीतलं पक्ष्यांचं पुस्तक काढलं. मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडं घालते आणि पहिल्या अंड्यापासूनच उबवायला बसते, म्हणून पिल्लंही मागेपुढे बाहेर येतात. (आपल्याकडे धाकट्यांना निदान जुने कपडे तरी मिळायचे.) हे मी तिथेच वाचत असताना त्यांची आई झरोक्यातून आत आली आणि दचकून तिने चोचीतला उंदीर माझ्या खांद्यावर टाकला. मी थप्पीसकट खाली.

तो झरोका बंद करायचं मालकांनी आधीच ठरवलंय आणि सुतार म्हणून तुमचं नाव मीच सुचवलं. "सांगितल्या दिवशी येणारा एकमेव सुतार," असं. म्हातारं घुबड जाईल दुसरीकडे, असं तेव्हा वाटलं होतं. आता फळ्या ठोकल्या तर आईबाप बाहेर आणि पिल्लं आत उपाशी. धाकट्याला उडायला अजून महिना हवा. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "हे गोदाम आहे की बाळंतिणीची खोली?" मी म्हटलं, घुबडं तुमचे उंदीर खातात. "मग घे त्यांना हजेरीपटावर!"

मामींना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. – शिंपीकाका, मामी आत गेल्या की पुढचं वाचा. मामा, एकदाच इतर सुतारांसारखं वागा. 'उद्या येतो' म्हणा आणि महिनाभर येऊ नका.

पुन्हा ता. क. – वरचं रद्द. जन्मभर कमावलेलं तुमचं नाव मी कसं बुडवू? ठरल्याप्रमाणेच या, फक्त तुमची शिडी आणू नका. गोदामातली शिडी वर ओढून घेऊन मी पिल्लांपाशी बसलेली असेन. नोकरी गेली तरी मालकांनी महिन्याची मुदत दिल्याशिवाय उतरणार नाही. ते ओरडले, तर 'शिडीशिवाय काम होत नाही' एवढंच म्हणा. ते खोटंही नाही. येत्या सोमवारी, चौदा तारखेला, गोदामाचं कुलूप उघडताच मी वर चढणार.