पाठ झालेला तक्ता

मी, खाली सही करणार, वय सत्त्याहत्तर, धंदा डोळ्यांची ऑपरेशने, असे लिहून ठेवतो की हे मृत्युपत्र मी राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता करत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. नजर शाबूत नाही, आणि हा सगळा खटाटोप त्यावरूनच आहे. उद्या सकाळी माझ्याच दवाखान्यात माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आहे. मोतीबिंदूने कोणी मरत नाही, असे मी आयुष्यभर पेशंटांना सांगत आलो. आज तेच मला पत्नीने सांगितले, तेव्हा कळले की या वाक्याने कोणालाही धीर येत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. मृत्युपत्रातून नाव काढण्याच्या धमक्या मात्र पुष्कळ दिल्या आहेत. त्या सगळ्या रद्द समजाव्यात.

एक. राहते घर आणि बँकेतील ठेवी पत्नीला. घर आजही तिचेच आहे. मी तिथे फक्त जेवायला आणि झोपायला येतो, हे तिने पाहुण्यांसमोरही अनेकदा मांडलेले आहे. ठेवींतून तिने प्रवास करावा. पेशंट आहेत म्हणून ऐन वेळी तिकिटे रद्द करणारा माणूस तेव्हा नसेल, त्यामुळे अडचण यायचे कारण नाही.

दोन. माझे धाकटे बंधू हृदयाचे डॉक्टर आहेत. डोळ्यांचा डॉक्टर म्हणजे अर्धा डॉक्टर, असे ते चारचौघांत म्हणतात. त्यांना माझी तपासणीची बॅटरी द्यावी. उरलेला अर्धा त्यांनी तिच्या उजेडात शोधावा.

तीन. दवाखान्याखालच्या चष्मेवाल्याला काहीही देऊ नये. माझ्याकडून जिना उतरलेल्या प्रत्येक पेशंटला हा गृहस्थ गोड आवाजात सांगतो, "डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत, नंबर मी पुन्हा काढून देतो." वकील म्हणाले की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातले काही मिळू शकत नाही. म्हणून त्याला मुद्दाम बोलावून साक्षीदार केले आहे. आपल्याला मान दिला, असे त्याला वाटते आहे. तसेच वाटू द्यावे.

चार. दवाखाना. इथे वकील पेन खाली ठेवून दोनदा पाणी प्यायले, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या कामाची एक पद्धत आहे. ऑपरेशनआधी मी पेशंटला विचारतो, दिवसभर डोळ्यांनी काय काम करता. मोतीबिंदू कोणाचाही असो, काढायचा एकाच रीतीने. पण ड्रायव्हरला समोरून येणारे दिवे बघायचे असतात आणि घड्याळजीला पुढ्यातला स्क्रू; डोळ्यात बसवायची लेन्स त्याप्रमाणे ठरते. दुसरी गोष्ट, पट्टी काढताना समोर कोण हवे, हे आदल्या संध्याकाळी विचारून ठेवतो. ज्याचे नाव निघेल त्याला पेशंटसमोर लाकडी स्टुलावर बसवतो आणि मगच पट्टी काढतो. लोकांनी सुना बसवल्या, शेजारी बसवले, एकीने कुत्रा बसवला.

माझी मुलगी याच विषयात शिकली आणि याच दवाखान्यात माझ्या हाताखाली उभी राहिली. माझ्या पद्धतीला ती नाटक म्हणायची. "बाबा, लोकांना नजर हवी असते, गप्पा नकोत," असे सांगून ती एका मोठ्या काचेच्या हॉस्पिटलात गेली. तिथे पेशंटचा डोळा तेवढा उघडा असतो, बाकीचा माणूस हिरव्या कापडाखाली. मी तिला म्हणालो, त्यापेक्षा फळे सोलायला जा. त्यानंतर आम्ही तिच्या आईमार्फत बोलत होतो. आईने दोन्ही बाजूंचे निरोप सौम्य करून पोचवले, हे मला अलीकडे कळले.

मागच्या महिन्यात मी चहा कपाच्या शेजारी ओतला. पत्नीने मला काही न सांगता मुलीला फोन केला. ती आली आणि तिने मला माझ्याच तपासणीच्या खुर्चीत बसवले. समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. मी आणखी जोरात वाचला आणि वर विचारले, समाधान झाले का.

"बाबा, तुमचा तक्ता मी सकाळीच काढून दाराआड ठेवलाय. भिंतीवर दुसराच आहे."

मी रोज तो पाठ झालेला तक्ता वापरून स्वतःची नजर तपासत होतो आणि रोज स्वतःला पास करत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो मी पगार न देता पोसला होता.

दुसऱ्या दिवशी टेबलावर एक शिंपी येणार होता. त्याचा एक डोळा लहानपणीच गेलेला. उरलेल्या डोळ्याचे ऑपरेशन मी करणार होतो. मुलगी एवढेच म्हणाली, "उद्याचं तुम्ही करायचं नाही." मला राग आला नाही. भीती वाटली. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

ऑपरेशन तिने केले. मी बाहेर नातेवाइकांच्या बाकावर बसलो. बाक फार कठीण आहे. इतकी वर्षे कोणी तक्रार कशी केली नाही, याचे नवल वाटते. पुढच्या सकाळी मी दारात उभा होतो. स्टुलावर मुलगीच बसली होती, हातात सुई-दोरा धरून, कारण समोर कोण हवे असे तिने आदल्या दिवशी विचारल्यावर शिंपी म्हणाला होता, माणसे नंतर बघीन. लेन्सही तिने जवळचे दिसेल अशीच घातली होती. मला सुई दिसत नव्हती, तिचा चेहराही दिसत नव्हता. "ओवली," असे शिंपी म्हणालेले तेवढे ऐकू आले.

सबब दवाखाना, यंत्रे आणि स्टूल यांसह, मुलीला. वकिलांना मी बऱ्याच अटी सांगितल्या होत्या: विकू नये, पद्धत मोडू नये, इत्यादी. त्या सगळ्या खोडल्या आहेत. ती कायमची परत येईल की नाही, मला माहीत नाही. मी तिला तसे विचारलेले नाही, आणि माझी विचारण्याची रीत पाहता ते बरेच झाले. बाक मात्र बदलावा.

पाच. जुना तक्ता कोणालाही देऊ नये. नवा लावावा आणि अधूनमधून बदलत राहावा, म्हणजे डॉक्टरला पाठ होणार नाही.

सहा. उद्याचे माझे ऑपरेशन मुलगीच करणार आहे. आज संध्याकाळी डोळ्यात थेंब घालताना तिने मला विचारले, "बाबा, पट्टी काढताना समोर कोण हवं?" मी म्हणालो, भूलतज्ज्ञ सोडून कोणीही. ती हसली नाही. बाटलीचे झाकण लावून गेली. आयुष्यभर मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला. उत्तर द्यायला किती जड जाते, ते आज समजले.

तर उत्तर लेखी देतो. पट्टी सिस्टरनी काढावी. स्टुलावर मुलीने बसावे. पत्नीने रागावू नये. रागावली तर मला सवय आहे. वरची सर्व कलमे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावीत. हे एक परवा सकाळी, पट्टी काढताना यावे. म्हणून हा कागद सिस्टरनी मुलीला आजच वाचायला द्यावा.

ठिकाण: माझी तपासणीची खोली
तारीख: ऑपरेशनची आदली संध्याकाळ
सही: (रेघ सोडून खाली गेली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिला, चष्मेवाला: डॉक्टरांनी माझ्यासमोर सही केली. कलम तीन मी आत्ताच वाचले.

साक्षीदार दुसरी, दवाखान्यातील सिस्टर: सही माझ्यासमोर झाली. कागद ताईंना नेऊन दिला. त्यांनी शेवटचे कलम दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "स्टूल पुसून ठेवा."